प्रत्येक डिप्लॉयला येणारे ५०२: जुना पॉड कसा बंद होतोय ते आधी बघा

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. क्युबरनेटीसवर (ॲप अनेक मशीनवर चालवणारी आणि सांभाळणारी सिस्टिम) सर्व्हिसचं नवीन व्हर्जन सोडलं, रोलआउट स्टेटस व्यवस्थित, नवीन पॉड (ॲपची एकेक चालू प्रत) सगळे रनिंग आणि रेडी, कुठे क्रॅश नाही, तरी त्या मिनिटाभरात ग्राफवर ५०२ चा (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही, असा एरर कोड) छोटासा सुळका येतो आणि आपोआप खाली बसतो. पुढच्या डिप्लॉयला परत तेच. मग टीममध्ये "डिप्लॉयला एवढं होतंच" असं ठरून जातं, रात्री उशिरा डिप्लॉय करायची पद्धत पडते आणि हळूहळू लोक डिप्लॉय करायलाच कचरतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण त्या सुळक्यात कुणाचा तरी फी भरायचा फॉर्म असतो, कुणाचं तिकीट असतं, आणि हा प्रॉब्लेम पूर्ण जातो, तोही यॅमलमधल्या (क्युबरनेटीसच्या सेटिंगच्या फाइलमधल्या) आणि कोडमधल्या थोड्याशा ओळींनी. फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे.

बहुतेक जण नवीन पॉडकडे बघतात, रेडिनेस प्रोब (पॉड ट्रॅफिक घ्यायला तयार आहे का ते बघणारी तपासणी) बदलून बघतात, रेप्लिका (पॉडची संख्या) वाढवतात, सीपीयू लिमिट वाढवतात. नवीन पॉडचा दोष असू शकतो, त्यावर खाली येतोच, पण माझ्या पाहण्यात दहातल्या आठ वेळा गडबड जुन्या पॉडच्या जाण्यात असते.

आधी एरर नक्की कोणती ते बघा. इन्ग्रेस (बाहेरचा ट्रॅफिक क्लस्टरमध्ये, म्हणजे क्युबरनेटीसच्या मशीनच्या समूहात, आणणारा दरवाजा) एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा असेल तर त्याच्या एरर लॉगमध्ये डिप्लॉयच्या वेळेच्या ओळी काढा, दोनपैकी एक वाक्य सापडेल. एक "कनेक्ट फेल्ड, १११, कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि दुसरं "अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन". पहिल्याचा अर्थ, पॉडमधली प्रोसेस आधीच गेली होती आणि तरी ट्रॅफिक तिकडे पाठवला गेला. दुसऱ्याचा अर्थ, कनेक्शन जुळलेलं होतं, रिक्वेस्ट गेलेली होती आणि उत्तर यायच्या आत पॉडने फोन ठेवला. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. आणि ५०२ ऐवजी ५०४ (वाट बघून वेळ संपली) दिसत असेल तर पॉडचा आयपीच गायब झालाय आणि पॅकेट कुठेच पोचत नाहीये असं बऱ्याचदा निघतं, ते पहिल्याच जातीचं दुखणं समजा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. एनजिनएक्स मुळात अपस्ट्रीमकडून, म्हणजे मागच्या पॉडकडून, एरर आला की दुसऱ्या पॉडवर प्रयत्न करतं, त्यामुळे कर्लचा (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं टूल) लूप लावून गेट (नुसती माहिती मागणाऱ्या) रिक्वेस्ट मारत बसलात तर सगळं छान दिसतं. पण पोस्ट (फॉर्मसारखा डेटा पाठवणारी) रिक्वेस्ट एकदा पॉडला पाठवून झाली असेल तर एनजिनएक्स ती दुसरीकडे परत पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एखाद्याचे पैसे दोनदा कापले जातील. म्हणजे टेस्टमध्ये सगळं हिरवं आणि खरी माणसं मात्र "सबमिट केलं आणि एरर आली" म्हणून तक्रार करतायत. टेस्ट करायची तर पोस्टने करा, आणि कनेक्शन परत वापरणाऱ्या टूलने करा, कारण साधा कर्लचा लूप दर वेळी नवीन कनेक्शन उघडतो आणि कीप-अलाइव्हचे, म्हणजे उघडं ठेवून परत वापरलेल्या कनेक्शनचे, प्रॉब्लेम त्यात दिसतच नाहीत.

आता पॉड जातो म्हणजे काय होतं. एपीआय सर्व्हरवर (क्लस्टरची मध्यवर्ती नोंदवही) पॉडवर डिलीशनच्या वेळेची नोंद होते आणि तिथून दोन कामं एकाच वेळी, एकमेकांची वाट न बघता सुरू होतात. एकीकडे त्या नोडवरचा (क्लस्टरमधल्या मशीनवरचा) क्यूबलेट हा प्रोग्राम पॉड बंद करायला घेतो, म्हणजे प्रीस्टॉप हुक (बंद व्हायच्या आधी करायचं काम) असेल तर तो चालवतो, मग कंटेनरमधल्या पीआयडी १ ला, म्हणजे पहिल्या प्रोसेसला, सिगटर्म ("आवरून बंद हो" हा सिग्नल) पाठवतो, आणि ग्रेस पिरियड, म्हणजे आवरायला दिलेला वेळ, संपला की सिगकिल (जागीच मारणारा सिग्नल). हा ग्रेस पिरियड काही लिहिलं नसेल तर ३० सेकंद. दुसरीकडे एंडपॉइंट स्लाइसमध्ये (सर्व्हिसच्या पॉडच्या पत्त्यांच्या यादीत) त्या पॉडची नोंद टर्मिनेटिंग होते, ते बघून प्रत्येक नोडवरचा क्यूब-प्रॉक्सी ट्रॅफिक कुठे वळवायचा ते ठरवणारे आपले आयपीटेबल्सचे नियम बदलतो, इन्ग्रेस कंट्रोलर आपली यादी बदलतो, क्लाउडचा लोड बॅलन्सर (ट्रॅफिक वाटून देणारा) असेल तर त्याच्या कंट्रोलरला तिथून टार्गेट काढावं लागतं. ही दुसरी साखळी लांब आहे. पहिली जवळजवळ लगेच होते. त्यामुळे तुमचं ॲप सिगटर्म मिळाल्यावर शहाण्यासारखं ताबडतोब बंद झालं, तरी पुढचे एक-दोन सेकंद, कधी जास्तही, बाकीचं क्लस्टर त्या मेलेल्या पत्त्यावर लोकांना पाठवत राहतं. म्हणजे ॲप जितकं चपळ बंद होईल तितके ५०२ जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं पण अगदी असंच होतं.

दुकान बंद करताना आपण आधी बाहेरची पाटी फिरवतो, आत आलेल्या गिऱ्हाइकांचं उरकतो आणि मग शटर ओढतो, इथे पाटी फिरवणारा आणि शटर ओढणारा असे दोन वेगळे लोक आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यावर उपाय म्हणजे प्रीस्टॉपमध्ये थोडं थांबणं. नुसता स्लीप. काही लोकांना हे जुगाड वाटतं, "स्लीप टाकून सोडवलं म्हणजे सोडवलं नाही" असं रिव्ह्यूत लिहून येतं, पण क्युबरनेटीसमध्ये या दोन साखळ्यांची गाठ घालणारी दुसरी सोय पॉडसाठी नाहीये, त्यामुळे हे बिनधास्त वापरा. सिगटर्म पोचायच्या आधी ५ ते १५ सेकंद पॉड नेहमीसारखा काम करत राहतो, तोपर्यंत सगळ्या याद्या बदलतात, मग सिगटर्म येतो तेव्हा नवीन कुणी येत नसतं. नुसतं क्यूब-प्रॉक्सी आणि क्लस्टरमधला इन्ग्रेस असेल तर ५ सेकंद बहुधा पुरतात. बाहेरचा लोड बॅलन्सर थेट पॉडच्या आयपीवर ट्रॅफिक टाकत असेल, एडब्ल्यूएस क्लाउडच्या एएलबी या लोड बॅलन्सरला आयपी टार्गेट लावतात तसं, तर १५ किंवा जास्त लागतात, तिथे मोजूनच ठरवा.

एक अडचण अशी येते की डिस्ट्रोलेस (फक्त ॲपपुरत्या गोष्टी ठेवलेल्या) इमेजमध्ये शेलही नसतो आणि स्लीप नावाची कमांडही नसते, मग प्रीस्टॉप फेल होतो, पॉडच्या इव्हेंटमध्ये फेल्ड प्रीस्टॉप हुक अशी नोंद पडते जी कुणी वाचत नाही, आणि सिगटर्म लगेच जातो. यॅमल बघणाऱ्याला वाटतं की सगळं लावलेलंय. क्युबरनेटीस १.२९ मध्ये यासाठी प्रीस्टॉपला स्वतःचीच स्लीप ॲक्शन आली, १.३० पासून ती आपोआप चालू असते, इमेजमध्ये काही लागत नाही. क्लस्टर त्याच्या पुढचं असेल तर तीच वापरा. जुनं असेल तर कोडमध्ये सिगटर्म आल्यावर तेवढे सेकंद थांबून मग बंद व्हायला लागा, परिणाम तोच.

आता हिशोब. ग्रेस पिरियडचं घड्याळ प्रीस्टॉपच्या आधी सुरू होतं, नंतर नाही. ३० मधले १५ स्लीपने खाल्ले की ॲपला आवरायला १५ च राहतात. गुनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरचा स्वतःचा ग्रेसफुल टाइमआउट ३० सेकंद असतो, म्हणजे तो निवांत ३० सेकंद वाट बघणार म्हणून बसलेला असतो आणि १५ व्या सेकंदाला सिगकिल येऊन सगळे वर्कर रिक्वेस्टच्या मधोमध जातात. जावातल्या स्प्रिंग बूटचंही तसंच, बंद होण्याच्या टप्प्याला ३० सेकंद दिलेले असतात. तेव्हा टर्मिनेशन ग्रेस पिरियड हा स्लीप अधिक तुमची सगळ्यात लांब रिक्वेस्ट अधिक थोडी मोकळी जागा एवढा पाहिजे. साध्या एपीआयला ६० पुरतो. मोठे रिपोर्ट काढणारी, फाइल अपलोड घेणारी सर्व्हिस असेल तर तिला जास्त द्या, आकडा मोठा ठेवल्याने नुकसान नाही, प्रोसेस लवकर संपली तर पॉड लवकर जातो.

हे सगळं करूनही दुसऱ्या जातीची एरर, म्हणजे मधेच फोन ठेवणारी, जात नसेल तर सिगटर्म ॲपपर्यंत पोचतोय का ते तपासा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

सोपी परीक्षा: स्टेजिंगवरचा एक पॉड घड्याळ लावून डिलीट करा. ॲप रिकामं बसलेलं असताना, एकही रिक्वेस्ट चालू नसताना, पॉड जायला दर वेळी बरोबर पूर्ण ग्रेस पिरियड, म्हणजे तो बदललेला नसेल तर ३० सेकंद, लागतो का? लागत असेल तर सिगटर्म कुणीही ऐकत नाहीये, ग्रेस पिरियड संपून सिगकिलने मारलं जातंय. कंटेनरचा एक्झिट कोड १३७ असेल तर तेच, १२८ अधिक ९. फक्त १३७ दिसला की रीझन पण वाचा, तिथे ओओएम किल्ड लिहिलेलं असेल तर तो मेमरीचा मामला आहे. १४३ असेल तर प्रोसेस सिगटर्मने गेली, आणि ० असेल तर तिने स्वतः आवरून घेतलं.

पोचत का नाही? पॉडमध्ये शिरा आणि प्रॉक फोल्डरमधल्या १ नंबरच्या प्रोसेसची सीएमडीलाइन फाइल वाचा. तिथे तुमच्या ॲपचं नाव पाहिजे. शेलचं नाव दिसलं, किंवा एनपीएम (नोड.जेएसचं पॅकेज टूल) दिसलं, तर चोर सापडला. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या फाइलमध्ये) सीएमडी नंतर सरळ वाक्यासारखी कमांड लिहिली की डॉकर ती शेलमधून चालवतो, शेल होतो पीआयडी १, सिगटर्म शेलला मिळतो आणि शेल तो खाली मुलाला देत नाही. काही शेल एकच साधी कमांड असली की स्वतः बाजूला होऊन तिला जागा देतात, काही देत नाहीत, त्यामुळे बेस इमेज बदलली की वागणूक बदलते आणि कुणाला कळत नाही का, म्हणून अंदाज न लावता ती फाइल वाचाच. उपाय म्हणजे सीएमडी चौकोनी कंसात, प्रत्येक शब्द अवतरणात, अशी लिहायची, मग मधे शेल येत नाही.

पण खरी मेख एंट्रीपॉइंट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कंटेनर सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, असते. जवळजवळ प्रत्येक टीमकडे अशी एक स्क्रिप्ट असते, वर दहा ओळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुळवायच्या, एखादी डेटाबेसची वाट बघणारी, आणि शेवटच्या ओळीत नोड (इथून पुढे नोड म्हणजे नोड.जेएस, क्लस्टरमधलं मशीन नाही) आणि फाइलचं नाव. डॉकरफाइल चौकोनी कंसात अगदी बरोबर लिहिलेली असते, पण ती या स्क्रिप्टला बोलावते आणि स्क्रिप्ट म्हणजे शेलच. शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला एक्झेक हा एक शब्द टाका, शेलची जागा नोड घेतं, पीआयडी तोच १ राहतो, संपलं. एवढ्या एका शब्दाने डिप्लॉय स्वच्छ झालेले मी पाहिलेत, आणि सोबत रोलआउटचा वेळही घटतो कारण प्रत्येक जुना पॉड आता पूर्ण ग्रेस पिरियड अडवून बसत नाही.

तरी थांबू नका, अजून एक आहे. लिनक्स कर्नल पीआयडी १ ला खास वागवतो, ज्या सिग्नलसाठी प्रोसेसने स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावलेला नाही तो सिग्नल त्या प्रोसेसला लागूच होत नाही, सिगकिल सोडून. म्हणजे नोड किंवा पायथनचं ॲप तुमच्या लॅपटॉपवर सिगटर्मने झटकन मरतं आणि कंटेनरमध्ये तेच ॲप, तोच कोड, ढिम्म बसून राहतं. तेव्हा हँडलर लिहा. टिनी किंवा डंब-इनिट सारखा छोटा इनिट (स्वतः पीआयडी १ होऊन सिग्नल ॲपला देणारा प्रोग्राम) मधे टाकला की सिग्नल पोचतो, पण हँडलर नसेल तर ॲप तिथल्या तिथे मरणार आणि चालू रिक्वेस्ट तुटणार, म्हणजे ३० सेकंदांचा प्रॉब्लेम गेला, ५०२ चा राहिला. हँडलर लागतोच.

हँडलरमध्ये काय करायचं ते प्रत्येक भाषेत तयार आहे. गोमध्ये एचटीटीपी सर्व्हरला शटडाउन नावाची मेथड १.८ पासून आहे. स्प्रिंग बूटमध्ये २.३ पासून ग्रेसफुल शटडाउनचं सेटिंग आहे, ३.४ पासून ते आपोआप चालू, त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर प्रॉपर्टीज फाइलमध्ये एक ओळ टाकावी लागते आणि ती टाकलेली नसते. नोडमध्ये सर्व्हरचं क्लोज बोलवायचं, पण १९ च्या आधीच्या नोडमध्ये क्लोज केलं तरी रिकामी पडलेली कीप-अलाइव्ह कनेक्शन उघडीच राहतात आणि सर्व्हर बंद व्हायची वाट बघत बसतो, तिथे ती रिकामी कनेक्शन वेगळी बंद करा. जीआरपीसीला ग्रेसफुल स्टॉप आहे. आणि पॉडमध्ये एनजिनएक्स चालवत असाल तर लक्षात घ्या, त्याला सिगटर्म म्हणजे "लगेच बंद हो", सावकाश बंद व्हायचा सिग्नल सिगक्विट आहे. एनजिनएक्सच्या ऑफिशियल इमेजमध्ये स्टॉप सिग्नल तसा लावलेला आहे, पण अल्पाइनवर स्वतःची इमेज बांधली असेल तर तो तुम्हालाच लावायचाय.

कीप-अलाइव्हबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथे स्लीपचा उपयोग होत नाही. क्यूब-प्रॉक्सी कोणता पॉड ते फक्त कनेक्शन उघडताना ठरवतो. एकदा जुळलेलं कनेक्शन त्याच पॉडला चिकटून राहतं, एंडपॉइंटच्या यादीतून पॉड निघाला तरी. एका सर्व्हिसने दुसऱ्या सर्व्हिसला धरून ठेवलेल्या कनेक्शन पूलमध्ये हेच होतं, स्लीपचे १० सेकंद ती आनंदाने जुन्या पॉडवर रिक्वेस्ट पाठवत राहते, मग ॲप कनेक्शन बंद करतं आणि नेमकी त्याच क्षणी निघालेली रिक्वेस्ट हवेत राहते. बरं वागणं असं की बंद व्हायचं ठरल्यापासून प्रत्येक उत्तरासोबत कनेक्शन क्लोजचा हेडर पाठवायचा, म्हणजे समोरचा स्वतःहून ते कनेक्शन सोडतो आणि पुढची रिक्वेस्ट नवीन पॉडकडे नेतो.

याच कुळातला एक प्रॉब्लेम डिप्लॉय नसतानाही तुरळक ५०२ देतो. नोडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट मुळात ५ सेकंद आहे, एएलबीचा आयडल टाइमआउट ६० सेकंद. लोड बॅलन्सरला वाटतं कनेक्शन जिवंत आहे, नोडने ते केव्हाच सोडलंय. ॲपचा टाइमआउट नेहमी समोरच्या लोड बॅलन्सरपेक्षा जास्त पाहिजे, इथे ६५ किंवा ७० करा. दिवसभर असे थोडे थोडे येत असतील तर आधी हे मिटवा, नाहीतर डिप्लॉयचे कोणते आणि हे कोणते ते वेगळं काढता येत नाही.

आता नवीन पॉडची बाजू, थोडक्यात. रेडिनेस प्रोबच नसेल तर कंटेनर सुरू झाला की क्युबरनेटीस पॉडला रेडी मानतं, आतलं जावाचं जेव्हीएम अजून डोळे चोळत असलं तरी. प्रोब लावा, आणि तो ॲपच्या स्वतःच्या तयारीबद्दलच असू द्या. त्यात डेटाबेस, कॅश, बाहेरचं पेमेंट गेटवे असं सगळं तपासायला लागलात तर डेटाबेस दोन सेकंद अडखळला की सगळे पॉड एकदम नॉट रेडी होतात आणि पूर्ण सर्व्हिस जाते, जी निम्मी तरी चालली असती. लाइव्हनेसमध्ये तर हे अजिबात घालू नका, तिथे पॉड रिस्टार्ट होत बसतील. सुरू व्हायला वेळ लागणाऱ्या ॲपला स्टार्टअप प्रोब वेगळा द्या. एएलबीला आयपी टार्गेट असतील तर पॉड रेडिनेस गेट चालू करा, नाहीतर क्युबरनेटीसच्या मते नवीन पॉड तयार आणि एएलबीच्या मते त्याची हेल्थ चेक अजून चालूच, त्या मधल्या वेळात जुने पॉड काढले जातात.

मॅक्स अनअव्हेलेबल (रोलआउटमध्ये किती पॉड कमी चालतील) आणि मॅक्स सर्ज (किती जास्तीचे चालतील) दोन्ही मुळात २५ टक्के असतात, पहिला खाली राउंड होतो आणि दुसरा वर. ४ रेप्लिका असतील तर रोलआउटच्या सुरुवातीलाच एक जुना पॉड काढला जातो, नवीन कुणी तयार व्हायच्या आत. लोड अंगावर असताना ३ पॉडवर भागत नसेल तर मॅक्स अनअव्हेलेबल ० करा आणि सर्ज १ ठेवा, रोलआउट सावकाश होईल पण क्षमता कमी पडणार नाही. प्रोग्रेस डेडलाइनवर मात्र विसंबू नका. १० मिनिटांत रोलआउट पुढे सरकला नाही तर डिप्लॉयमेंटवर फेल झाल्याची नोंद होते, पण क्युबरनेटीस स्वतःहून मागे जात नाही, रोलआउट अनडू तुम्हाला किंवा तुमच्या पाइपलाइनला करावं लागतं.

क्यूवर काम करणाऱ्या वर्करना ५०२ येत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण सिगटर्मची कथा त्यांनाही तीच लागू आहे. सिगटर्म आला की नवीन मेसेज घेणं थांबवायचं, हातातला पुरा करायचा, मग ॲकनॉलेज. तिथे पीआयडी १ ची चूक असेल तर दर डिप्लॉयला काही मेसेज अर्धवट राहून परत रांगेत येतात, आणि काम दोनदा झालेलं चालत नसेल तर महिनाअखेरच्या हिशोबात कळतं.

तपासताना सगळं एकदम बदलू नका. स्टेजिंगवर पोस्ट रिक्वेस्टचा सतत मारा चालू ठेवा आणि तो चालू असताना रोलआउट रिस्टार्ट करा, नवीन इमेजची गरज नाही, सगळे पॉड एकेक करून बदलले जातात. आधी आहे तसं मोजा, मग सिगटर्मचं, मग प्रीस्टॉप, मग ग्रेस पिरियड, मग कीप-अलाइव्ह, प्रत्येक बदलानंतर परत तेच. आकडा शून्यावर आला पाहिजे, "खूप कमी झाला" यावर समाधान मानू नका, कारण उरलेले थोडे म्हणजे अजून एक कारण शिल्लक आहे. शून्य झाल्यावर हीच टेस्ट पाइपलाइनमध्ये घाला, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट नवीन लिहितं आणि तो एक्झेक गळून पडतो.

आणि हे सगळं करूनही डिप्लॉयच्या वेळी एरर येत असतील तर एररचा आकडा नीट वाचा, ते ५०२ नसून ५०० असतील. तिथे पॉड व्यवस्थित आहेत, पण रोलआउट चालू असताना जुना आणि नवीन कोड एकाच डेटाबेसवर शेजारी शेजारी चालतायत आणि नवीन मायग्रेशनने (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाने) कॉलमचं नाव बदललंय, जुन्याला तो सापडत नाही. त्याला यॅमलमध्ये औषध नाही, बदल वेगवेगळ्या डिप्लॉयमध्ये फोडावा लागतो. पहिल्यात नवीन कॉलम येतो आणि कोड दोन्हीकडे लिहितो, मग जुना डेटा नवीन कॉलममध्ये भरून घ्यायचा, दुसऱ्यात कोड फक्त नवीन कॉलम वापरतो, आणि जुना कॉलम त्याच्याही नंतर, सगळे जुने पॉड गेल्याची खात्री झाल्यावर काढायचा.